गुजर व पठाण : नांव आणि वाणी

देवगडाहून निपाणीस जाणारा मार्ग फोंडाघाट गांवांतून घाट चढतो व दाजीपुराजवळ माथ्यास लागतो. खालून मीठ, खोबरें, सुकी मासळी वर जावी आणि वरून गूळ, तंबाखू, मिरची खालीं यावी, असा या वाटेचा जुना व्यवहार. माल जेथें येतो तेथें माणसें येतात, आणि माणसांबरोबर त्यांचीं नांवें येतात. या वाटेच्या दोन्ही अंगांस 'गुजर' हें आडनांव आढळतें व 'पठाण' हेंही आढळतें. हीं आडनांवें पाहून एकाची कुलभाषा गुजराथी व दुसऱ्याची पश्तो, असा निष्कर्ष आमच्याकडील हौशी इतिहासलेखक पटकन् काढतात. मीही काढीत होतों. तो निष्कर्ष कसा ढांसळला, आणि त्या निमित्तानें या दोन भाषांविषयीं जें वाचावें व पाहावें लागलें, तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

इ. स. १९९१ च्या जनगणनेचें काम शाळामास्तर या नात्यानें माझ्याकडे आलें. मातृभाषेच्या रकान्यांत ज्याचें त्याचें उत्तर जसेंच्या तसें लिहावयाचें, असा दंडक होता. बाजारपेठेंतील एका दुकानदाराच्या घरीं गेलों. दुकान तीन पिढ्यांचें. आडनांव उघड उघड गुजराथकडचें. मीं न विचारतांच 'गुजराथी' असें लिहून टाकलें, चहा घेतला आणि पुढच्या घरीं गेलों. त्याच दुपारीं पठाण आडनांवाच्या एका घरीं मात्र विचारलें. कारण तेथें काय लिहावें ही मला पंचाईत पडली होती. घरच्या वृद्ध बाईनें माझ्याकडे नवलानें पाहिलें व म्हटलें, "मास्तरांनू, मी आता तुमच्याशी खंयच्या भाशेत बोलतंय?" शुद्ध मालवणी. मी ओशाळलों. परंतु दुकानदाराच्या घरीं परत जाऊन विचारावें हें तेव्हां सुचलें नाहीं. तो कागद तसाच वर गेला.

नांव आणि वाणी यांची फारकत इतिहासांत पाहावयास लांब जावें लागत नाहीं. घाट चढून राधानगरीवरून पुढें गेलें कीं कोल्हापूर प्रांताच्या दक्षिण अंगास, गडहिंग्लज तालुक्यांत, नेसरी हें गांव आहे. तेथें २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनोबत प्रतापराव गुजर अगदीं मोजक्या स्वारांनिशीं आदिलशाही सरदार अब्दुल करीम बहलोलखान याच्या फौजेवर तुटून पडले व धारातीर्थीं पडले. एका बाजूस 'गुजर', दुसऱ्या बाजूस 'पठाण'. आतां या गुजराचें मूळ नांव कुडतोजी. घराणें खटावाकडील भोसरें गांवचें. ज्ञाति मराठा, वाणी मराठी. आडनांवांत गुर्जर देशाची कांहीं स्मृति असलीच तर ती इतकी जुनी कीं भाषेवर तिचा लवलेश उरलेला नव्हता. बहलोलखान हा मियाना कुळाचा अफगाण, व त्याच्या पदरीं अफगाण स्वारांचा मोठा भरणा होता. परंतु तो ज्या दरबारीं चाकरी करीत होता तेथील कागद फार्सींत व मराठींत होत, आणि लष्करी व्यवहाराची सर्वसाधारण बोली दखनी होती. पुढें १६७७ सालीं शिवाजीमहाराजांनीं मालोजी घोरपडे यांस जें प्रसिद्ध पत्र लिहिलें, त्यांत 'पठाण' हा शब्द येतो तो विजापूरची पातशाही बळकावून बसलेला पक्ष या अर्थानें. त्याच्या समोर उभा केला आहे तो 'दक्षिणी'. म्हणजे त्या पत्रापुरता हा राजकारणाचा शब्द झाला, भाषेचा नव्हे.

पानिपतच्या पत्रव्यवहारांत तर याहून मौज आहे. अबदालीच्या सैन्याला आपले कारकून सर्रास 'गिलचे' म्हणतात. गिलचा म्हणजे घिलजई, अफगाणांच्या एका मोठ्या कुळाचें नांव. अहमदशहा स्वतः अबदाली कुळाचा. १७४७ सालीं राज्यावर आल्यावर हेंच कूळ दुराणी म्हणून प्रसिद्ध झालें. घिलजई व अबदाली यांचें आपसांत हाडवैर. तरी मराठी लेखणीनें सगळ्यांस एकाच नांवाच्या पोत्यांत भरलें. रोहिला हा शब्दही असाच. 'रोह' म्हणजे डोंगर, त्या डोंगराळ मुलखांतून येऊन गंगा-यमुनेच्या उत्तरेस वसलेले ते रोहिले. नजीबखान रोहिल्याचें कूळ युसुफजई. या नांवांवरून कोणी भाषेचा नकाशा काढूं लागला तर तो पहिल्याच रेघेस चुकेल.

तेव्हां नांवें बाजूस ठेवून भाषांकडेच वळूं.

'गुर्जर' हा शब्द आपल्या दक्षिणेंतील लेखांत फार जुना आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या प्रशस्तींत लाट, मालव व गुर्जर असे तिघे वेगवेगळे मोजिले आहेत. लाट म्हणजे भडोच-नवसारीकडील आजचा दक्षिण गुजराथ. गुर्जरांचा देश तेव्हां बराच उत्तरेस, मारवाडाच्या बाजूस होता. उद्योतनसूरीनें जालोर येथें इ. स. ७७९ त रचलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत कथेंत बाजारांत जमलेल्या देशोदेशींच्या वाण्यांचें वर्णन आहे. प्रत्येकाचा बांधा, रंग, स्वभाव आणि त्याच्या तोंडचे दोन-चार ठेवणींतले शब्द असें तें वर्णन असून त्यांत मराठा आहे, गुर्जर आहे आणि लाटही आहे. तिघांच्या तोंडीं शब्द वेगळे. कथाकाराचा कान तिखट होता, आणि वेषाबरोबरच बोलण्यावरून माणूस ओळखण्याची त्याची रीत माझ्या १९९१ च्या रीतीपेक्षां शंभर पटींनीं शास्त्रीय होती, हें कबूल केलें पाहिजे.

अणहिलपाटणच्या चौलुक्यांच्या अमलांत गुर्जर हें नांव दक्षिणेकडे पसरलें व लाट हें नांव मागें पडलें. 'गुर्जरत्रा' या रूपावरून 'गुजरात' झालें. आम्ही मराठे लोक त्यास 'गुजराथ' असा थकार लावतों. त्या थकाराला गुर्जरत्रा या रूपाचा आधार नाहीं, पण आमच्या लेखणीला तो इतका जडला आहे कीं प्रस्तुत लेखांतही तो मजकडून सुटत नाहीं. याच पाटणास हेमचंद्राचार्यांनीं बाराव्या शतकांत आपलें शब्दानुशासन रचलें व त्याच्या आठव्या अध्यायांत प्राकृतांबरोबर अपभ्रंशाचें व्याकरण दिलें. त्या अपभ्रंशाच्या पुढची पायरी शालिभद्रसूरीच्या ११८५ तील 'भरतेश्वर-बाहुबलि रास' या काव्यांत दिसते. ही जुनी भाषा गुजराथी व मारवाडी या दोहोंचीही जननी होय, व सोळाव्या शतकाच्या सुमारापर्यंत त्या दोहोंत स्पष्ट फूट पडलेली नव्हती, हें एल्. पी. तेस्सितोरी या इटालियन पंडितानें १९१४ ते १९१६ या वर्षांत हस्तलिखितांच्या आधारें दाखवून दिलें. नरसिंह मेहत्याचीं पदें आज ज्या रूपांत गातात तें रूप गायकांच्या तोंडीं नवें होत आलेलें आहे. कवि पंधराव्या शतकाचा, भाषा मात्र पुष्कळ अलीकडची. आमच्याकडील संतवाणीच्या संशोधकांस ही अडचण नवी नाहीं.

गुजराथी आणि मराठी या दोघी बहिणी खऱ्या, परंतु सख्ख्या नव्हेत. एकीचें घराणें शौरसेनीकडचें, दुसरीचें महाराष्ट्रीचें. तरीही हिंदीनें टाकून दिलेलें नपुंसकलिंग दोघींनीं जपलें आहे. छोकरो, छोकरी, छोकरुं अशीं तीन रूपें गुजराथींत चालतात. आमच्या मालवणींतलें 'चेडू' मुलीचें वाचक असून नपुंसकलिंगी आहे. आणखी एक साम्य कोंकणांतल्या माणसाच्या कानास लगेच लागतें. देशावर 'घोडा' म्हणतात, आम्ही 'घोडो' म्हणतों, आणि गुजराथी माणूसही 'घोडो'च म्हणतो. यावरून कोंकणांत पूर्वीं गुजराथ्यांची वसाहत होती असा सिद्धांत मीं एका सभेंत ऐकला आहे. तो टिकत नाहीं. संस्कृत 'घोटकः', प्राकृत 'घोडओ', त्यावरून 'घोडो' हें रूप सरळ निघतें, व तें सिंधींत आणि राजस्थानींतही आहे. एकाच मुळापासून दोन ठिकाणीं एकच फळ आलें तर तें एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन बांधलें असें होत नाहीं.

असेंच पाढ्यांतल्या 'बे'चें आहे. मराठी मूल व्यवहारांत 'दोन' म्हणतें आणि पाढा म्हणतांना 'बे एके बे' म्हणतें. गुजराथी माणसाचा रोजचा दोनाचा शब्दच 'बे'. पस्तीस वर्षें मुलांकडून पाढे म्हणवून घेतांना मला वाटे कीं हा 'बे' वाण्यांच्या हिशेबांतून आपल्याकडे आला असावा. हेमचंद्रानें 'द्वि' शब्दाचीं प्राकृत रूपें दिलीं आहेत त्यांत 'दोण्णि' आहे व 'वेण्णि'ही आहे. दोन्ही शब्द आपल्या घरचेच. एक बाजारांत राहिला, दुसरा शाळेंत. बेचाळीस, बेरीज असे शब्द पुढें करून 'बे' मराठींत मूळचाच, असें सांगणाऱ्यांनीं मात्र 'बेरीज' वगळावा. तो फार्सी आहे.

'शेठ' या शब्दाची कथाही सांगण्याजोगी आहे. आज शेठ म्हटलें कीं डोळ्यांपुढें गुजराथी व्यापारी उभा राहतो. फोंड्याहून विजयदुर्गच्या खाडीकडे उतरलें कीं खारेपाटण लागतें. तेथें सांपडलेल्या शिलाहारांच्या दोन ताम्रपटांपैकीं रट्टराजाचा शके ९३० (इ. स. १००८) चा आहे, त्यांत परदेशांतून येणाऱ्या गलबतांवरील सोन्याचा कर देवस्थानास लावून दिला आहे. दुसरा अनंतदेवाचा, शके १०१६ चा. त्यांत ठाणें, सोपारें, चौल इत्यादि बंदरांवर जकातीची माफी दिली आहे ती 'श्रेष्ठी' या पदवीच्या गृहस्थांना. श्रेष्ठिन्, सेट्ठि, शेठ अशी ही परंपरा. आमच्या कोंकणांतील सोनारांस लावावयाचा 'शेट', आडनांवांतला 'शेट्ये', कानडीतला 'शेट्टी' हीं सर्व याच मुळाचीं. गुजराथशीं त्यांचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. रट्टराजाच्या ताम्रपटाचें वाचन विद्वानांपुढें प्रथम ठेविलें तें बाळशास्त्री जांभेकर यांनीं, आणि ते येथून जवळच्याच, देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे. बाळशास्त्र्यांना इतर अनेक भाषांबरोबर गुजराथी येत होती. त्यांचा 'दर्पण' १८३२ त निघाला, त्यापूर्वीं दहा वर्षें, १८२२ त, फर्दुनजी मर्झबान यांनीं मुंबईंत 'मुंबई समाचार' हें गुजराथी पत्र सुरू केलें होतें व तें अद्याप चालू आहे. मर्झबान हे पारशी. म्हणजे वंश इराणी आणि मातृभाषा गुजराथी. नांवावरून वा कुळावरून भाषा ठरविणाऱ्यांनीं या एका समाजाकडे पाहिलें तरी पुरे. २०११ च्या जनगणनेंत भारतांत गुजराथी मातृभाषा सांगणारे साडेपांच कोटींवर भरले. त्यांतले वीस लाखांहून अधिक महाराष्ट्रांत.

इराणी वंशाचे लोक गुजराथी बोलूं लागले हें झालें. आतां भाषाच इराणी आहे अशा पश्तोकडे येऊं. येथें माझा दुसरा अपराध सांगतों. संस्कृताचा अभ्यास झालेल्या माणसास जगांतील प्रत्येक शब्दांत संस्कृत दिसूं लागतें. मुलांना मी सांगत असें कीं पठाणांची भाषा ही संस्कृताचाच अपभ्रंश होय. पुरावा म्हणून शब्द देत असें : प्लार म्हणजे पिता, मोर म्हणजे माता, व्रोर म्हणजे भ्राता, लूर म्हणजे दुहिता, लस म्हणजे दश, त्सलोर म्हणजे चत्वारः. शिवाय तींत ट, ड, ण हे मूर्धन्य वर्ण आहेत, मग आणखी काय पाहिजे? मुलें खूष होत.

माझी ही चूक एकट्याची नव्हती, एवढेंच समाधान. १८७३ सालीं अर्न्स्ट ट्रुम्प यांनीं पश्तोचें व्याकरण प्रसिद्ध केलें, त्यांत ही भाषा इराणी व हिंदी या दोहोंच्या मधली, पण प्राकृताकडे अधिक झुकणारी असें मत दिलें. पुढें १८८८ ते ९० या काळांत जेम्स दार्मेस्तेतर यांनीं अफगाणांचीं लोकगीतें प्रसिद्ध करतांना तिचें घराणें अवेस्तेकडचें असें प्रतिपादिलें. आणि ग्रीअर्सन यांच्या भाषापाहणीच्या १९२१ त निघालेल्या दहाव्या खंडांत ती इराणी भाषांतच घातली गेली. गुजराथी त्याच पाहणीच्या नवव्या खंडांत आहे, मराठी सातव्यांत.

निर्णय शब्दांच्या साम्यावर होत नसतो, वर्णांच्या नियमित भेदांवर होतो. संस्कृतांत जेथें 'स' तेथें इराणींत 'ह' : सप्ताचें अवेस्तेंत 'हप्त', व पश्तोंत तो हकारही गळून 'ओवा' झालें. संस्कृतांत जेथें 'ह' तेथें इराणींत 'ज़' : 'अहम्'चें पश्तोंत 'ज़ा', 'हृद्'चें 'ज़ड़'. संस्कृत 'श्व' तेथें इराणी 'स्प' : 'श्वेता'स तेथें 'स्पीन' म्हणतात, व 'श्वन्' म्हणजे कुत्रा, त्यास 'स्पै'. हा तिसरा भेद माझ्या डोळ्यांत अंजन घालणारा ठरला. संस्कृतापासून प्राकृतांत 'श्व'चा 'स्प' सहसा होत नाहीं. 'अश्वा'चा 'अस्स' होतो. दकाराचा लकार मात्र पश्तोचा स्वतःचा विशेष आहे. दशाचा लस, दुहित्याची लूर ही त्याचीं उदाहरणें. कदंबाचा कळंब आपल्याकडे झाला आहे खरा, पण तो तुरळक. तेथें तो नियम आहे. मूर्धन्य वर्णांचें म्हणाल तर ते शेजाराचें देणें. सिंधूच्या कांठीं हजारों वर्षें शेजार केल्यावर उच्चारांत एवढी देवघेव व्हावयाचीच.

भाषेच्या नांवांतील मधला वर्ण हा असाच लक्ष देण्याजोगा आहे. कंदाहाराकडे तो मूर्धन्य षकारासारखा ऐकूं येतो, पेशावराकडे खकारासारखा. म्हणून एकीकडे पश्तो, दुसरीकडे पख्तो. आपल्याकडील माध्यंदिन शाखेचे शुक्ल यजुर्वेदी 'पुरुष' शब्द 'पुरुख' असा म्हणतात, हें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस या अदलाबदलीचें नवल वाटणार नाहीं. मात्र या दोहोंत ऐतिहासिक दुवा आहे असें मी म्हणत नाहीं. एकदां भाजल्यावर माणूस ताक फुंकून पितो. 'पठाण' हा शब्दही मुळांत 'पश्तून'चें अनेकवचन 'पश्ताना' यावरून हिंदुस्थानांत घडलेला. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील दाशराज्ञ युद्धाच्या सूक्तांत 'पक्थ' नांवाचे लोक येतात, व हिरोडोटसनेंही 'पक्तिअन' सांगितले आहेत. त्यांचा पख्तूनांशीं संबंध जोडण्याचा मोह पुष्कळांस झाला. परंतु 'क्थ'पासून पश्तोंतील हा जोड वर्ण नियमानें निघत नाहीं, म्हणून मॉर्गेन्स्टिएर्ने या नॉर्वेच्या पंडितांनीं वेगळीच व्युत्पत्ति सुचविली. त्याहून भरंवशाचा उल्लेख वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील 'अवगाण' हा. तो सहाव्या शतकाचा आहे.

असें सर्व असूनही एका ठिकाणीं या तिन्ही भाषा एकत्र येतात, आणि तें ठिकाण मला फार मोलाचें वाटतें. 'मीं पुरुष पाहिला, मीं स्त्री पाहिली' : क्रियापद कर्त्याचें लिंग न पाहतां कर्माचें पाहतें. गुजराथी म्हणतो 'में पुरुष जोयो, में स्त्री जोई'. पेशावरचा पठाण म्हणतो 'मा सड़ै वलीद, मा ख़ज़ा वलीदा'. 'मया पुरुषो दृष्टः, मया स्त्री दृष्टा' ही कर्मणि भूतकृदंताची रचना तिघींच्याही मागें उभी आहे; प्राचीन फार्सींतही तिचें भावंड सांपडतें. शब्द उसने मिळतात. वाक्याची ही घडण उसनी आणणें कठीण. माझ्या वर्गांत मीं हें उदाहरण द्यावयास हवें होतें, तें देण्याइतकी माहिती तेव्हां नव्हती.

पश्तोचें उपलब्ध वाङ्मय सोळाव्या शतकापासून निश्चित सांगतां येतें. त्याहून फार प्राचीन कवींचा संग्रह म्हणून 'पट खज़ाना' हा ग्रंथ १९४४ सालीं काबुलांत प्रसिद्ध झाला, पण त्याच्या अस्सलपणाविषयीं अनेक पंडितांनीं गंभीर शंका घेतल्या आहेत. बनावट कागदांचा त्रास आम्हां मराठ्यांनाच आहे असें नाहीं. निर्विवाद थोर कवि म्हणजे खुशालखान खटक (१६१३-१६८९). औरंगजेबानें त्यास १६६४ त कैद केलें व रणथंभोरास ठेविलें. सुटल्यावर त्यानें मोंगलांविरुद्ध तरवार धरली. हीं सालें वाचून मराठी वाचक थबकल्याशिवाय राहणार नाहीं. जून १६७४ त रायगडावर राज्याभिषेक होत होता तेव्हां बादशहा स्वतः पठाणांच्या बंडाव्यासाठीं हसन अबदालकडे गेला होता, व तेथें १६७५ च्या अखेरीपर्यंत अडकून पडला. म्हणजे नेसरीस एक पठाण आपल्या सरनोबताच्या समोर उभा होता, आणि त्याच वर्षीं दुसरे पठाण, ते मात्र खरोखर पश्तो बोलणारे व पश्तोंत कविता करणारे, बादशहाचें बळ उत्तरेस गुंतवून ठेवीत होते. अहमदशहा अबदालीही पश्तोंत कविता करी; पानिपतच्या शोकांत आपण तें ऐकावयास तयार नसतों.

मुंबईंत पुढें आलेले पठाण सावकार व पहारेकरी यांनीं मराठीला 'पठाणी व्याज' हा वाक्प्रचार दिला, भाषा दिली नाहीं. २०११ च्या जनगणनेंत साऱ्या भारतांत पश्तो मातृभाषा सांगणारे वीस हजारांवर थोडे भरले. पठाण आडनांवाचीं माणसें त्याच्या कितीतरी पट आहेत, हें सांगावयास जनगणना नको.

२००१ सालीं पुन्हां जनगणनेचें काम आलें आणि योगायोगानें तीच पेठ वांट्यास आली. या खेपेस दुकानदारास विचारलें. तो हंसून म्हणाला, "मास्तर, घरांत आम्ही कच्छी बोलतों. गुजराथी ती वह्यांपुरती, नि नातलगांच्या लग्नपत्रिकेपुरती." कच्छी ही सिंधीच्या अधिक जवळची, जनगणनेच्या वर्गवारींतही ती सिंधीखालींच जाते. दहा वर्षांपूर्वींच्या कागदावर त्या घरांतलीं सात माणसें मीं गुजराथी करून ठेविलीं होतीं. मीं रकान्यांत 'कच्छी' लिहिलें व त्यास मागची चूक सांगितली. त्याला त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं. तेथून पठाणांच्या घरीं गेलों. म्हातारी हयात नव्हती. मुलानें 'मराठी' लिहा म्हणून सांगितलें. त्याची बायको आंतून म्हणाली, "माझ्यापुढे मालवणी लिवा." मालवणी लिहिली तर जनगणना ती कोंकणीखालीं मोजते, हें मीं तिला सांगितलें. ती म्हणाली, "मोजूदेत." दंडक ज्याच्या त्याच्या उत्तराचा होता, म्हणून त्या घरांत नवऱ्यापुढें मराठी आणि बायकोपुढें मालवणी लिहून मी खालीं उतरलों.